सगळा बरा आसा, असं दोघी किती दिवस म्हणणार?

पत्र:

ताई, नमस्कार. मी वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत राहते, वय ६१, आयुष्यभर काजूच्या कारखान्यात कामाला जायचे, आता गुडघ्यांमुळे बंद केलंय. माझी धाकटी लेक सिस्टर, म्हणजे नन आहे, नर्सिंग शिकलेली. चार वर्षांपूर्वी संस्थेने तिला टांझानियाला पाठवलं, दक्षिणेला मटवारा म्हणून भाग आहे तिथल्या मिशनच्या हॉस्पिटलात. चार वर्षांत पहिल्यांदाच आलीय, दोन महिन्यांची सुट्टी, त्यातले तीन आठवडे गेले. ती येणार म्हणून घराला रंग दिला, मी सुरमई आणली, तिसऱ्या केल्या, तिने दोन घास खाल्ले आणि म्हणाली मम्मी एवढं कशाला. रात्री दीड-दोनला उठून पडवीत बसते. काय झालं विचारलं की म्हणते सगळा बरा आसा. पुतणीच्या लग्नात उरलेला भात टाकायला काढला तर एवढी चिडली की सगळ्यांसमोर रडली आणि घरी निघून आली, पाहुणे अजून त्यावरून बोलतायत. फादरांनी चर्चमध्ये अनुभव सांगायला बोलावलं, नाही म्हणाली. परवा मी उंबऱ्याला ठेचकाळले तर माझा हात धरून म्हणाली 'पोले, पोले', म्हणजे माझ्याशीसुद्धा त्यांचीच भाषा. आता म्हणते नोव्हेंबर संपायच्या आत जायचंय, पूर्ण सुट्टी नको. तिचा भाऊ म्हणतो फॉरेनला नर्स आहे तर घराला दोन पैसे का देत नाही. आणि मे महिन्यात तिच्या बाबांची शुगर वाढून पायाची दोन बोटं काढावी लागली ते आम्ही तिला सांगितलेलंच नाही, उगाच काळजी करेल म्हणून, बाबा घरातपण मोजे घालून असतात. ताई, माझी लेक माझी राहिली नाही असं वाटतं. तिच्या प्रोविन्शियल सिस्टरना, म्हणजे संस्थेच्या प्रांतप्रमुखांना, पत्र लिहून तिची बदली गोव्यात नाहीतर इथेच कुठे मागू का?

उत्तर:

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा बाबांच्या मोज्यांपाशी थांबले. बाकीच्या सगळ्या गोष्टींवर बोलूच, पण आधी एक विचारते, तुमची लेक नर्स आहे ना? आपल्याकडे ऑक्टोबरच्या उकाड्यात घरात मोजे घालून बसलेला, शुगर असलेला, चालताना एका अंगावर भार टाकणारा माणूस बघून तिला काही कळलं नसेल असं खरंच वाटतं तुम्हाला? मला तर वाटतं तिने एसटीतून उतरून अंगणात पाय ठेवला त्याच संध्याकाळी ओळखलं असणार. आणि गेले तीन आठवडे ती वाट बघतेय की तुम्ही कधी सांगताय.

मी हे एवढ्या खात्रीने का म्हणते ते सांगते. मी सिस्टर नव्हे, साधी नर्स, पण मिशनच्याच हॉस्पिटलात टांझानियात सहा वर्षं काढली, तुमच्या लेकीपासून खूप लांब, वर व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला. आई माझी सावंतवाडीला. दर रविवारी फोन. एकदा सलग पाच रविवार आई फोनवर आली नाही, कधी झोपलीय, कधी मिस्साला गेलीय, कधी शेजारी गेलीय. सहाव्या रविवारी फोन भाचीने उचलला, सहा वर्षांची पोर, ती म्हणाली आजीचं तोंड वाकडं झालंय, ती बोलते ते मला कळत नाही. आईला पॅरालिसिसचा झटका येऊन दीड महिना झाला होता आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की मला सांगायचं नाही, प्रेमानेच ठरवलं होतं, मला माहितीये. पण त्यानंतर पुढची तीन वर्षं मला फोनवर कुणी 'सगळं ठीक' म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण ठीक या शब्दाचा अर्थच माझ्यासाठी मेला होता. आणि खरं सांगायचं तर मीपण तेच करत होते. मला दोनदा मलेरिया झाला, एकदा तर शुद्ध हरपली होती, घरी सांगितलं जरा थंडी भरली. आमच्या क्वार्टर्सवर रात्री चोर आले, दाराला कपाट लावून आम्ही तिघी उजाडेपर्यंत बसलो होतो, घरी सांगितलं वॉचमन चांगला आहे.

म्हणजे बघा, तिकडून ती म्हणते सगळा बरा आसा, इकडून तुम्ही म्हणता सगळा बरा आसा, आणि मग दोघी एका घरात तीन आठवडे राहूनसुद्धा एकमेकींना भेटत नाही. तुमची लेक परकी झालेली नाही हो. तुम्ही दोघी एकमेकींना जपताय, आणि ते जपणंच मधे आलंय.

आता रात्रीचं. टांझानिया आपल्या अडीच तास मागे. आपल्याकडे दीड-दोन वाजतात तेव्हा तिथे अकरा-साडेअकरा. तीन आठवड्यांनी हा जेटलॅग नव्हे, ही वॉर्डात राउंड मारायची वेळ आहे. तिने तिथे काय पाहिलं ते तीच सांगेल, मी माझं सांगते. पावसाळ्यात मुलांचा वॉर्ड भरून एका कॉटवर दोन-दोन तीन-तीन पोरं असायची. तिकडचा मलेरिया बहुतेक फाल्सिपॅरम जातीचा, तो लहान मुलाचं रक्त इतक्या झपाट्याने उतरवतो की सकाळी तापाने फणफणलेलं पोर रात्री कागदासारखं पांढरं पडतं आणि त्याला तासाभरात रक्त चढवावं लागतं. रक्त फ्रिजमध्ये असेलच असं नाही. मग बापाचं बघा, मामाचं बघा, जुळेना तर हॉस्पिटलच्या माळ्याचं बघा, स्वतःचं द्या. कधी जमतं, कधी बाटली येईपर्यंत उशीर झालेला असतो, आणि ती आई चटईवर बसून आपल्याकडे बघत असते, ओरडत नाही, भांडत नाही, नुसती बघत असते. असा एक चेहरा माझ्याकडे अजून आहे, वीस वर्षं झाली. तिथे कामात असताना हे सगळं बाजूला ठेवता येतं कारण पुढचा पेशंट दारात असतो. घरी आल्यावर, रंग दिलेल्या भिंती, सुरमईचा वास, सगळे हसतायत, तेव्हा ते वर येतं. रात्री येतं. म्हणून ती पडवीत बसते. तुमच्या घरात काही कमी आहे म्हणून बसत नाही, उलट इतक्या दिवसांनी जरा निर्धास्त वाटल्यामुळे बसत असेल.

आणि नोव्हेंबर संपायच्या आत जायचंय याचंही कोडं नाही. त्या भागात पाऊस साधारण डिसेंबरला सुरू होतो तो एप्रिलपर्यंत. पाऊस म्हणजे डास, डास म्हणजे वॉर्ड भरणार. आपण मे महिन्यात आगोटची तयारी करतो ना, लाकडं भरतो, सुकी मासळी, मीठ, मसाला भरतो, कौलं चाळतो, तशी तिची आगोट नोव्हेंबरात असते. औषधं आली का, सलाईन किती आहे, जनरेटरला डिझेल आहे का, रस्ते बंद व्हायच्या आत लांबच्या दवाखान्यांना माल पोचला का. तुम्ही आगोटीच्या दिवसांत माहेरी दोन महिने राहिला असतात का? तिला एवढंच विचारून बघा, पाऊस कधी लागतो गं तुमच्याकडे, आणि मग बघा ती किती बोलते.

लग्नातल्या भाताचं मात्र मी तिचीच बाजू घेणार. पाहुणे बोलतायत ते बोलू देत. ज्या ठिकाणी मागचं पीक संपलेलं आणि नवं अजून उभं असतं त्या दोन-तीन महिन्यांत माणसं दिवसातून एकदाच जेवतात, आणि ती तशीच उपाशी बाई बाळंतपणाला आपल्यासमोर येते, त्या ठिकाणाहून आलेल्या पोरीने पातेलंभर भात खड्ड्यात जाताना बघून गप्प बसायचं? रडली ते बरं झालं. तुम्हाला लाज वाटली असेल ते मी समजू शकते, नात्यातलं लग्न, चार माणसं. पण त्या रात्री तिला कुणी जवळ घेतलं का हा माझा प्रश्न आहे, कारण पत्रात पाहुण्यांचं आहे पण ते नाही.

आता 'पोले'. ताई, हे वाचून मला तर भरूनच आलं. स्वाहिली भाषेतला हा शब्द आपल्या सॉरीसारखा नाही. चूक झाली म्हणून म्हणायचा तो नव्हेच. समोरचा ठेचकाळला, हातातलं भांडं पडलं, आजारी आहे, दमून आलाय, घरात मयत झालंय, अशा सगळ्या वेळी म्हणायचा, म्हणजे तुला लागलं ते मला लागलं असं काहीतरी. मराठीत याला एक शब्द सापडत नाही मला, फारतर आपण 'अगो बाय माझे' म्हणतो त्या सुरात. चार वर्षं दिवसातून पन्नास वेळा पेशंटांना ती हे म्हणाली असेल. तिला आता कळवळा आला की तो त्याच शब्दात येतो. तुमच्याशी ती परक्या भाषेत बोलली नाही, तिच्याकडे मायेचा जो सगळ्यात वापरातला शब्द होता तो तिने तुम्हाला दिला.

भाषा शिकणं काय असतं हे घरच्यांना कधी कळत नाही, ते जरा सांगते कारण मला वाटतं हे तुम्हाला तिच्याबद्दल बरंच सांगून जाईल. पहिले सहा महिने मोठ्या माणसाचं लहान मूल होतं. इथे तुम्ही हुशार नर्स, तिथे कुठे दुखतंय विचारता येत नाही. त्यांचं घड्याळ वेगळं, दिवस सकाळी सहाला सुरू होतो म्हणून सात वाजले की ते एक म्हणतात आणि आठ वाजले की दोन. मी पहिल्या महिन्यात एका बाईला दुपारी दोनला बाळ घेऊन ये सांगितलं, त्यांच्या शब्दात 'सा म्बिली'. ती सकाळी आठला आली, कारण तिच्या हिशोबाने तेच दोन. दुपारी दोनपर्यंत उन्हात बसून राहिली, मला माझी चूक कळली तेव्हा मी तिच्यापुढे हात जोडले, आणि तिने मलाच पोले म्हटलं. असल्या दिवसांतून तुमची लेक एकटी गेलीय. तिथे मोठ्या माणसाला 'शिकामो' म्हणून नमस्कार करायचा, दारातून 'होदी' म्हणून आवाज द्यायचा आणि आतून 'कारिबू' येईपर्यंत पाऊल टाकायचं नाही, आणि नमस्कार-चमत्कार झाल्याशिवाय थेट कामाचं बोललं तर उद्धट ठरतो. म्हणूनच आपल्याकडे बाजारात लोक एकमेकांवर वसकतात ते तिला आता टोचत असेल.

आपल्या कोकणानेही हे उलट्या बाजूने पाहिलंय. १८२३ पासून स्कॉटलंडचे मिशनरी बाणकोटला यायला लागले, त्यातला पहिला डोनाल्ड मिचेल आल्यावर थोड्याच महिन्यांत वारला. ज्यांच्या नावाचं मुंबईत विल्सन कॉलेज आहे ते जॉन विल्सन १८२९ ला आले तेव्हा मराठी शिकायला हर्णै-बाणकोटकडेच येऊन राहिले. घरचं पत्र आफ्रिकेला वळसा घालून यायला चार-पाच महिने लागायचे. म्हणजे स्कॉटलंडमधल्या कुठल्यातरी म्हाताऱ्या आईला मुलगा गेल्याचं कळलं असेल तोपर्यंत इथे बाणकोटच्या मातीत गवतसुद्धा उगवलं असेल. त्यांच्या धर्माबद्दल, हेतूबद्दल कुणाचं काय मत असायचं ते असो, मला त्या आईचं वाटतं. आणि वसईच्या संत गोन्सालो गार्सियांचं बघा, आई तिथलीच, लेक जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मारला गेला, १८६२ मध्ये त्याला संत केलं, दरवर्षी आपण सण करतो, प्रवचनं होतात, पण त्या आईला कधी कळलं, कुणी सांगितलं, ती कुठे बसून रडली, हे मी आजपर्यंत एकाही प्रवचनात ऐकलं नाही. मिशनला जाणाऱ्याचं कौतुक होतं, मागे राहणाऱ्या आईला कुणी विचारत नाही. मी विचारते ताई. तुम्ही चार वर्षं कशा राहिलात? हे लेकीलाही सांगा. शूर आई बनून राहू नका तिच्यासमोर.

तुम्ही म्हणता माझी लेक माझी राहिली नाही. मी म्हणेन, ती फक्त तुमचीच राहिलेली नाही, एवढंच खरं. तिथे ती पूर्ण त्यांची आहे असंही नाही बरं का. तिथे भारतीय माणूस दिसला की म्हणतात म्हिंदी, आणि म्हिंदी म्हणजे दुकानदार, पैसेवाला. भारतीय आणि ख्रिस्ती आणि वर सिस्टर, हे बऱ्याच जणांना आधी खरंच वाटत नाही. गोऱ्या मिशनऱ्यामागे परदेशातला पैसा असतो असं गृहीत धरतात, आपली सिस्टरही त्याच रांगेत धरली जाते आणि मग मदत मागायला आलेल्याला तिने नाही म्हटलं की ती कंजूस ठरते. राहण्याच्या परमिटचे कागद दर थोड्या वर्षांनी नवे करायचे, ऑफिसात खेपा घालायच्या, आणि आतून एक धाकधूक की नाही मिळालं तर? म्हणजे तिथे पाहुणी, आणि इथे आल्यावर शेजारची विचारते टांझानियात सिंह दिसतात का गो. मधल्यामधे कुठेतरी ती उभी आहे.

तुमच्याच वेंगुर्ल्यात, मिशनच्या डॉक्टरांच्या घरी १९१९ साली एक मुलगा जन्मला, रॉबर्ट गोहीन. पंधरा वर्षांचा होईपर्यंत भारतातच वाढला, मग शिकायला अमेरिकेला, पुढे १९५७ मध्ये प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीचा प्रेसिडेंट झाला आणि १९७७ ला अमेरिकेचा राजदूत म्हणून परत आला तो आपल्याच देशात. पासपोर्ट अमेरिकेचा, जन्म वेंगुर्ल्याचा. अशा मुलांवर रूथ उसीम नावाच्या अमेरिकन बाईंनी १९५० च्या दशकात भारतातच अभ्यास केला आणि त्यांना थर्ड कल्चर किड्स असं नाव दिलं, म्हणजे ना आईबापाच्या देशाची पूर्ण, ना वाढली त्या देशाची, त्यांचं एक तिसरंच काहीतरी तयार होतं. मोठेपणी गेलेल्यांचंही थोडंफार तसंच होतं. ते तिसरं तुमच्या लेकीत आलंय. ते काढून टाकता येणार नाही, पण ओळख करून घेता येईल की. आणि तुम्हाला ते फार परकं वाटायचं कारण नाही हो, मटवारा म्हणजे काजूचाच मुलूख आहे! आपल्या कारखान्यांत आफ्रिकेचा कच्चा काजू येतो ना, टांझानियाचापण येतो, तुमच्या हाताखालून तिच्या गावाकडची बी गेली असेल. तिकडे काजू गोळा करायचा हंगाम आत्ता सुरू आहे, आपला फेब्रुवारी ते मे. हे तिच्याशी कधी बोललात का?

भावाच्या पैशांचं थोडक्यात सांगते. तिने दारिद्र्याचं व्रत घेतलंय. तिच्या नावावर काही नाही, पगार असलाच तर संस्थेच्या सामाईक खात्यात जातो, हातखर्चाला जे मिळतं त्यात साबण आणि फोनचं रिचार्ज भागतं, विमानाचं तिकीटसुद्धा संस्था काढते. फॉरेनची नर्स हा शब्द ऐकून त्याला दुबई नाहीतर लंडन दिसतं, त्याचा दोष नाही, पण हे त्याला तुम्ही सांगायचं, तिच्यावर सोडायचं नाही. आईवडील म्हातारे होतायत आणि आपण लांब, हे ओझं मिशनवरच्या प्रत्येकाच्या डोक्यावर असतं, मी तर म्हणेन मलेरियापेक्षा जड. त्यावर पैशांचा टोमणा म्हणजे जखमेवर मीठ. बाबांच्या उपचाराचा खर्च भावावर एकट्यावर पडला असेल, तर त्याचाही राग खरा आहे, तो त्याला तुमच्याशी काढू द्या.

प्रोविन्शियलना पत्र? नको. निदान तिच्या पाठीमागून तरी अजिबात नको. आज्ञाधारकपणाचं व्रत म्हणजे वरून बदली आली तर ती येईल, चार वर्षं शिकलेली भाषा, माणसं सगळं सोडून येईल, आणि मग कधीतरी तिला कळेल की पत्र आईचं होतं. तेव्हा मात्र ती खरंच तुमची राहणार नाही. घरची परिस्थिती वरिष्ठांना कळायला हवी हे बरोबर, बऱ्याच संस्था आईवडिलांचं आजारपण लक्षात घेतात, पण ते तिने सांगायचं, तिला वाटलं तर, आणि त्यासाठी आधी तिला खरं माहीत हवं.

उरलेल्या दिवसांत काय करायचं ते सांगते. चर्चमध्ये बोलायचा आग्रह सोडा, फादरांना तुम्हीच सांगा की तिला वाटलं तर जायच्या आधीच्या रविवारी दहा मिनिटं बोलेल, नाहीतर नाही. लोकांना तिथून विजयाच्या गोष्टी हव्या असतात, किती लोक ख्रिस्ती झाले वगैरे, आणि ही बिचारी तापाच्या पोरांचं, बाळंतिणींचं काम करणारी, त्या किनाऱ्याकडे मुसलमान वस्ती मोठी, तिचे कितीतरी पेशंट तेच, तिने काय सांगावं अशी अपेक्षा आहे? बघायला येणारे पाहुणेही आवरा. तुम्ही मात्र विचारा, पण 'कसं आहे तिथे' असं नाही, त्याला उत्तर 'बरं आहे' एवढंच येतं. बारीक विचारा. सकाळी पाणी कुठून आणता, स्वयंपाक कोण करतं, तिचं नाव काय, तिला मुलं किती, नाईटला सोबत कोण असतं. नावं लक्षात ठेवा आणि पुढच्या फोनवर त्या नावांनी विचारपूस करा. माझी आई बोलायला लागल्यावर अर्धवट जिभेने आमच्या वॉर्डातल्या स्वयंपाकिणीचं नाव घेऊन विचारायची, मला त्याने जो धीर आला तो शंभर प्रार्थनांनी आला नसता.

एक दिवस चूल तिच्या ताब्यात द्या. बाजारातून मक्याचं पीठ आणा, ती उगाली करेल, उकळत्या पाण्यात घोटून घट्ट गोळा, आपल्या उकडीसारखाच प्रकार. तिकडचा मका पांढरा असतो, आपलं पिवळं पीठ चालेल. आमच्याकडे उगालीबरोबर दगा मिळायचा, सरोवरातली बोटाएवढी वाळवलेली मासळी, पहिल्यांदा वास आला तेव्हा मला वाटलं मी मालवणच्या बाजारात उभी आहे. तुमच्याकडची सुकट परतून द्या सोबत. सगळ्यांनी हाताने खायची. सुरमई चार दिवसांनी करा, तेव्हा बघा खाते की नाही.

एक गोष्ट फार महत्त्वाची, विसरू नका. ती इथे असताना ताप आला, थंडी वाजली, नुसतं अंग मोडून आलं तरी त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं की ही आफ्रिकेतून आलीय. आपल्याकडे या दिवसांत ताप म्हटला की लेप्टो नाहीतर डेंग्यू डोक्यात येतो, तिकडचा मलेरिया आहे हे सांगितलं नाही तर दोन दिवस फुकट जातात आणि फाल्सिपॅरममध्ये दोन दिवस म्हणजे खूप. परत आल्यापासून तीन महिने तरी हे डोक्यात ठेवा, त्यानंतरही होऊ शकतो. तपासणी चांगली निघाली तरी ताप राहिला तर पुन्हा करा.

जाताना तिला कुळथाचं पीठ, आमसुलं आणि तुमच्या हातचा मसाला द्या, थोडा जास्तच द्या कारण ती तिथल्या सिस्टरांना वाटणार. आणि फोनचा दिवस ठरवा, रविवारी आपल्याकडे साडेआठ म्हणजे तिथे संध्याकाळचे सहा, दिवसाची ड्युटी असली तर तोवर सुटलेली असेल. त्यात एक करार करा दोघींनी, की बरं नसेल तर बरं नाही म्हणायचं. बाबांची शुगर किती आली तो आकडा सांगायचा. तिने ताप आला तर ताप आला सांगायचं. नुसतं ऐकून तुम्ही घाबराल, रात्रभर झोप लागणार नाही कधी, तरी चालेल.

आणि हे सगळं सुरू कुठून करायचं, तर मोज्यांपासून. आजच करा, उद्यावर टाकू नका. रात्री ती पडवीत जाऊन बसली की बाबांनाही बाहेर न्या, शेजारी बसवा, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने मोजा काढावा. तुम्ही काही बोलायची गरज नाही. जवळ कोमट पाणी आणि ड्रेसिंगचं सामान ठेवा, कारण ती आधी जखम बघेल, मग रागावेल, मग रडेल, या क्रमाने, नर्स असंच करते. शुगरवाल्यांचा पाय रोज बघायचा असतो, तळवा, बोटांच्या मधली जागा सगळं, ते ती तुम्हाला शिकवेल, शिकून घ्या, ती गेल्यावर तुम्हालाच करायचंय. पाय धुताना ती बहुतेक बाबांना 'पोले' म्हणेल. त्यांना आधीच सांगून ठेवा, त्यावर 'आसांते', म्हणजे धन्यवाद, म्हणायचं असतं.